घरातल्या शुगर-बीपीच्या माणसाला रोजच्या रोज साथ कशी द्यायची

घरात कुणाला शुगर किंवा बीपी निघालं की पहिले आठ दिवस सगळं घर डॉक्टर होतं. साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो, भात बंद, बटाटा बंद, कुणी कारल्याचा रस आणतं, कुणी मेथीदाणे भिजत घालतं, आणि जिला शुगर निघालीये ती आई किंवा सासू मात्र गप्प बसून सगळ्यांचं ऐकत असते. महिन्याभरात उत्साह संपतो आणि मग पुढची कित्येक वर्षं घरात एकच वाक्य फिरत राहतं, "तुम्हाला सांगितलंय ना, गोड खाऊ नका?" मला अगदी मनापासून वाटतं की ही साथ नव्हे, हा पहारा झाला. आजार त्यांचा आहे, तो जन्मभर सांभाळायचाही त्यांनाच आहे, जिथे त्यांचा हात पोचत नाही तिथे आपण हात द्यायचा, बाकी सूत्रं त्यांच्याकडेच राहू द्यायची.

आणि हे घरोघरचं आहे बरं का. 2023 साली आयसीएमआरची (सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) जी मोठी पाहणी आली त्यात देशात 10 कोटींच्या वर लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिलाय, आणि राज्यांमध्ये सगळ्यात वर आपलं शेजारचं गोवा, 26.4 टक्के. म्हणजे चार मोठ्या माणसांत एक. त्यामुळे "आमच्याच घरी का" असं म्हणत बसण्यात वेळ घालवू नका, कामाला लागू.

सुरुवात: आधी ऐकून घ्या

गोळ्या, पथ्य, चालणं हे सगळं नंतर. एखाद्या निवांत दुपारी, टीव्ही बंद करून, विचारा की "तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" उत्तर बऱ्याचदा शुगर हे नसतंच. रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं म्हणून झोप होत नाही, गुडघे दुखतात म्हणून चालायला जात नाही, गोळ्यांचा खर्च मुलावर पडतो म्हणून एकाआड एक दिवस घेते, असं काहीतरी निघतं. हे कळल्याशिवाय तुम्ही कितीही पथ्याचे तक्ते फ्रीजवर चिकटवा, काही उपयोग नाही. इन्सुलिनची भीती तर फार खोलवर असते, "इन्सुलिन लागलं म्हणजे संपलं" असं आपल्याकडे पक्कं डोक्यात बसलंय. तसं नसतं. वर्षानुवर्षं शुगर असली की शरीरात तयार होणारं इन्सुलिन कमी पडत जातं, ते बाहेरून द्यावं लागतं, एवढंच.

दुसरं, डॉक्टरांकडून आल्यावर "कळलं ना?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. त्याऐवजी "मी आत नव्हते, डॉक्टर काय म्हणाले ते मला जरा सांगा ना" असं म्हणा. त्यांच्या तोंडून ऐकलं की लगेच समजतं काय पोचलं आणि काय नाही.

गोळ्यांची पिशवी जमिनीवर ओता

खरंच ओता. घरातल्या सगळ्या गोळ्या, कपाटातल्या, उशीखालच्या, देवघरातल्या, पर्समधल्या, एका चादरीवर मांडा. मग तीन गोष्टी शोधा.

पहिली, एकच औषध दोन नावांनी चालू आहे का. एका डॉक्टरांनी बीपीची टेल्मिसार्टन एका कंपनीची दिली, दुसऱ्यांनी दुसऱ्या कंपनीची, रंग वेगळा म्हणून दोन्ही चालू, असं होतं. मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेला असतो तो वाचा. जुळला तर डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्या फार्मासिस्टला दाखवा, आपल्या मनाने बंद करू नका.

दुसरी, दुखण्याच्या गोळ्या. गुडघ्यासाठी मेडिकलमधून सहज आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असल्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो, आणि शुगर-बीपीच्या माणसाची किडनी आधीच जोखमीत असते. तसंच बिननावाच्या पुड्या, कुणी दिलेलं "सांधेदुखीचं देशी औषध". अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडलंय, आणि स्टेरॉईडने शुगर भडकते. लपवू नका म्हणावं, रागावणार नाही असं आधी सांगा, मग पुडी बाहेर निघते.

तिसरी, पट्टीची कापलेली कडा. मेडिकलवाला दहातल्या सहा गोळ्या कात्रीने कापून देतो, आणि नाव किंवा एक्सपायरीची तारीख नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहते. घरात असे बिननावाचे चार चंदेरी तुकडे जमा झाले की कुठली गोळी कशाची ते देवालाच ठाऊक. महिन्याची गोळी आहे तर पूर्ण पट्टी घ्या, आणि गोळ्या नाव नसलेल्या बाजूने फोडत जा.

मग एक कागद करा: गोळीचं नाव, कशासाठी, कधी, जेवणाआधी की नंतर. हा कागद त्यांच्याच शब्दात लिहा, "बीपीची गुलाबी, सकाळी" असं. वाचता येत नसेल तर पट्टीवर मार्करने सूर्य आणि चंद्र काढा, हे फार छान चालतं. शुगरची मेटफॉर्मिन जेवणासोबत किंवा नंतर घेतली की पोट कमी बिघडतं. शुगरचीच ग्लिमेपिराईड असेल तर ती नाश्त्याच्या जरा आधी किंवा पहिल्या घासाबरोबर आणि त्यानंतर खायचंच, "आज भूक नाही" म्हणून नुसती गोळी घेऊन बसायचं नाही. एखादी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी डबल घेऊ नये. आणि "बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी सोडली" हे तर सगळ्यात कॉमन, त्यांना शांतपणे सांगा की नॉर्मल आलंय ते गोळीमुळेच आलंय.

खर्चाचा प्रश्न असेल तर जनऔषधी केंद्रात हीच औषधं बरीच स्वस्त मिळतात, डॉक्टरांकडून घटकाचं नाव लिहून घ्या. गावात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्राच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात (आधीची आरोग्यवर्धिनी) शुगर-बीपीच्या नेहमीच्या गोळ्या मोफत असतात, आशाताईंना विचारा, त्यांना माहिती असतं कुठल्या दिवशी कोण येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना मात्र दवाखान्यात भरती होण्याच्या उपचारांसाठी आहे, महिन्याच्या गोळ्या त्यातून मिळत नाहीत, उगाच चकरा मारू नका.

बीपी आणि शुगर घरी मोजताना

बीपीचं मशीन दंडाला लावायचं घ्या, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री काही नाही, लघवीला जाऊन यायचं, खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर टेकवून (मांडी नाही, पायावर पाय नाही) पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही, आणि खरं सांगू, हे आपल्याकडे सगळ्यात अवघड. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. घरच्या मोजणीत 135/85 च्या वर सारखं सारखं येत असेल तर ते दवाखान्यातल्या 140/90 सारखंच धरतात. एखाद्या दिवसाच्या एका आकड्यावरून घाबरू नका, आठवडाभराचा कल डॉक्टरांना दाखवा.

शुगर मोजायच्या आधी हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. आंबा कापल्यावर तसंच बोट टोचलं तर बोटावरची साखर मोजली जाते आणि मीटर 300 दाखवतं. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं. मीटरच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, कोकणात पावसाळ्यात तर दमट हवेनं पट्ट्या खराब होतातच.

पट्ट्या महाग पडतात म्हणून लोक महिन्यातून एकदा उपाशीपोटी बघतात आणि खूश होतात. त्यापेक्षा आठवड्यात एक दिवस, एकाच जेवणाच्या आधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी अशी जोडी बघा, दर आठवड्याला जेवण बदला. असं केलं की आईला स्वतःला दिसतं की दोन भाकऱ्यांनी एवढी वाढते आणि पोह्यांनी एवढी. माझ्या मते दहा लेक्चर देण्यापेक्षा हे एक बरं, कारण इथे तुम्ही काही सांगत नाही, आकडा सांगतो आणि त्या स्वतः ठरवतात. इन्सुलिनवर असतील तर किती वेळा मोजायचं ते डॉक्टर ठरवतील, तिथे काटकसर नको.

दर तीन महिन्यांनी होणारी एचबीएवनसी ही रक्ततपासणी मागच्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवते, बऱ्याच लोकांसाठी 7 च्या आत हे ध्येय असतं, पण खूप वय झालेल्या किंवा नाजूक तब्येतीच्या माणसासाठी डॉक्टर 8 पर्यंतही चालवून घेतात, कारण त्या वयात शुगर खाली जाणं जास्त धोक्याचं. म्हणून शेजारच्या काकांचा आकडा आपल्या आजीला लावू नका.

इन्सुलिन असेल तर

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतेच्या मिळतात, 40 ची आणि 100 ची. 40 च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, 100 च्या बाटलीला केशरी टोपणाची. 100 चं इन्सुलिन लाल सिरिंजने घेतलं तर अडीचपट डोस जातो, जीवावर बेतू शकतं. नवीन बाटली आणली की प्रत्येक वेळी आकडा जुळवा, हे काम घरातल्या तरुण डोळ्यांनी करावं. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, पण फ्रीजरमध्ये कधीच नाही. चालू बाटली उघडल्यापासून साधारण चार आठवडे, त्यावर उघडल्याची तारीख लिहून ठेवा. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात लाईट जाते तिथे ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं, त्यात बाटली पिशवीत घट्ट बांधून, हा चांगला उपाय आहे. सुई रोज त्याच जागी टोचली की तिथे गाठ होते आणि औषध नीट शोषलं जात नाही, जागा बदलत राहायची.

शुगर खाली गेली तर काय करायचं, हे घरातल्या लहान मुलालाही यायला हवं

वाढलेल्या शुगरला सगळे घाबरतात, खाली गेलेली मात्र ओळखतही नाहीत. 70 च्या खाली म्हणजे कमी. एकदम घाम, हात थरथरणं, धडधड, भूक, चिडचिड, नंतर असंबद्ध बोलणं. म्हातारी माणसं नुसतीच गोंधळतात किंवा गप्प होतात आणि घरच्यांना वाटतं वयामुळे असेल. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड चालू असेल तर असं काहीही दिसलं की आधी शुगर मोजा, मीटर हाताशी नसेल तर कमी आहे असंच धरून चाला.

माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून लगेच द्या. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्या. वर आली की पोळी-भाजी काहीतरी खाऊ घाला. एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल (बऱ्याच तीन-एकत्र गोळ्यांत व्होग्लिबोज असतं) तर साधी साखर लवकर काम करत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. म्हणून ग्लुकोजचं एक पाकीट घरात आणि एक त्यांच्या पिशवीत ठेवाच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, घास श्वासनलिकेत जातो, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन लावा. आणि असं एकदा जरी झालं तरी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, डोस बदलावा लागू शकतो.

ताट, चहा आणि उपवास

वेगळा स्वयंपाक करू नका. एकटीला बेचव ताट वाढलं की ती आजारी आहे हे दिवसातून दोनदा तिला आठवतं. सगळ्या घराचं ताट बदला: अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट उसळ, डाळ, अंडं किंवा मासा, उरलेल्या पावात भाकरी, पोळी किंवा भात. "ज्वारीची भाकरी कितीही चालते" हा गैरसमज आहे, तीन भाकऱ्या म्हणजे तीन भाकऱ्याच. गूळ, मध, खडीसाखर या सगळ्यांना शरीर साखरच समजतं.

चहा बघा. आमच्या सासूबाई जेवणात गोड शिवत नव्हत्या पण कुणी आलं की चहा, कुणी गेलं की चहा, आणि प्रत्येक कपात दोन चमचे. चहा बंद करा म्हटलं असतं तर पहिल्या दिवशीच बिनसलं असतं, म्हणून त्यांनाच विचारलं की यातला कुठला चहा सोडवणार नाही, त्या म्हणाल्या सकाळचा. सकाळचा तसाच ठेवला, बाकीचे अर्धा कप आणि बिनसाखरेचे केले, ते त्यांनीच ठरवलं म्हणून टिकलं.

बीपीसाठी मीठ दिवसाला एका माणशी 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळं धरून. भाजीतलं मीठ कमी करून वर पापड, लोणचं, खारवलेली मिरची, फरसाण, सुके मासे असतील तर काय कामाचं. सैंधवही मीठच आहे. आणि बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन-रामिप्रिल सारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

उपवास. "करू नका" म्हटलं तर त्या लपून करतील, आणि ते जास्त धोक्याचं. श्रावण, चतुर्थी, एकादशी, नवरात्र यायच्या आधीच डॉक्टरांना विचारा की त्या दिवशी गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं. निर्जळी आणि दिवसभर उपाशी नको. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्याच्या खिचडीची मोठी वाटी शुगर सपाट्याने चढवते. त्यापेक्षा राजगिरा, थोडी भगर शेंगदाण्याच्या आमटीबरोबर, दही, ताक, काकडी असं थोडं थोडं. पुरणपोळीच्या दिवशी एक पोळी खाऊ द्या, तेवढा भात-पोळी कमी करून, आणि जेवताना कुणी टोमणा मारू नये.

एका वेळी एकच बदल

डॉक्टर सांगतात चाला, वजन कमी करा, मीठ कमी करा, तंबाखू सोडा. सगळं एकदम होत नाही, मग काहीच होत नाही. त्यांना निवडू द्या. "जेवल्यावर अंगणात दहा मिनिटं फिरेन, सोमवार, बुधवार, शुक्रवार" इतकं स्पष्ट. मग विचारा, "हे जमेल याची दहापैकी किती खात्री वाटते?" सातच्या खाली सांगितलं तर बेत मोठा झालाय, लहान करा. आठवड्याने बसून बघा, नाही जमलं तर "का नाही केलंत" न म्हणता "आडवं काय आलं?" असं विचारा. चप्पल बोचत होती, कुत्री भुंकतात, नात झोपत नाही, अशी साधी कारणं असतात आणि ती सोडवता येतात.

पाय, डोळे, किडनी

रोज रात्री पाय बघायचे, तळवा आणि बोटांच्या बेचक्या. वाकता येत नसेल तर आरसा खाली धरा किंवा तुम्ही बघा, पाय चेपताना सहज होतं. नसांना बधिरपणा आलेला असतो, खडा टोचलेला कळत नाही. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातल्यावर तळव्याला फोड आलेले घरी येऊन कळतात, तिथे मोजे घालू द्या. शेकायला गरम पाण्याची पिशवी नको, कुरूप ब्लेडने कापायचं नाही, जखम दोन दिवसांत सुकायला लागली नाही तर दवाखाना. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासणं, लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन (या दोन्ही किडनीच्या तपासण्या) आणि कोलेस्टेरॉल, आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी12 जीवनसत्त्वाबद्दल विचारा. लक्षात राहावं म्हणून वाढदिवसाच्या महिन्यात करून टाका.

उलट्या-जुलाब, आणि खरी इमर्जन्सी

उलट्या, जुलाब, ताप आणि खाणं बंद अशा दिवशी मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन (हीही शुगरचीच गोळी), लघवी वाढवणाऱ्या आणि काही बीपीच्या गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागू शकतात, पण इन्सुलिन आपल्या मनाने पूर्ण बंद करायचं नसतं. कुठली थांबवायची हे तब्येत चांगली असतानाच डॉक्टरांकडून त्या गोळ्यांच्या कागदावर लिहून घ्या, रात्री दोन वाजता फोन लागत नाही.

बीपी 180/120 च्या वर दिसलं तर पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा. तेवढंच आहे पण त्रास काही नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, जिभेखाली गोळी ठेवून बीपी एकदम पाडायचा उद्योग करू नका. छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एक हात न उचलणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही असेल तर लगेच 108. लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून सीटी स्कॅनची सोय कुठल्या हॉस्पिटलात आहे ते आजच शोधून ठेवा. शुगरच्या माणसाला हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ येईलच असं नाही, नुसता घाम आणि दम लागला तरी "गॅस असेल" म्हणून थांबू नका.

मन, आणि साथ देणाऱ्याचं काय

वर्षानुवर्षं रोज पथ्य पाळायचा कंटाळा येतो, तो येणारच. पण झोप उडणं, कशातच रस नसणं, "आता कशाला गोळ्या" असं बोलणं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर ते डॉक्टरांना सांगा. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाईनचा, सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि थकलेल्या सुनेने किंवा मुलानेही तो लावायला काही हरकत नाही.

बहुतेक घरांत हे सगळं एकाच बाईवर पडतं. वाटून घ्या. पुण्यात किंवा अमेरिकेत असलेल्या मुलाने रोज फोनवर "आईची शुगर किती" विचारण्यापेक्षा एक काम पूर्ण अंगावर घ्यावं, दर महिन्याची औषधं मागवणं आणि पैसे भरणं, रिपोर्टचे फोटो तारखेप्रमाणे लावून ठेवणं, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटा घेणं. जवळ राहणाऱ्याने दवाखान्यात सोबत जावं, जाताना त्यांनाच विचारून तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, आणि आत गेल्यावर पहिलं त्यांना बोलू द्यावं. आणि तिथे गेलातच आहात तर तिशीच्या पुढच्यांनी स्वतःचंही बीपी आणि शुगर बघून घ्यावी, आईवडिलांना असली की मुलांना धोका जास्त असतो, आणि सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते.